टायर स्वस्त की किलोमीटर स्वस्त?

पावसाळा तोंडावर आला होता तेव्हाची गोष्ट. रात्रीची जेवणे आटोपून आम्ही ओट्यावर बसलो होतो. शेजारच्या वहिनी आल्या. हातात बचत गटाची वही आणि चेहरा असा, की विचारल्यावाचून राहवेना.

"भाऊ, तुम्ही पेपरात लिहिता ना, मग ह्यांना जरा समजावून सांगा," वहिनी म्हणाल्या. "हे उद्या गाडीला जुने टायर आणायला चाललेत. मला ते पटत नाही. पण त्यातलं काही कळत नाही, म्हणून बोलता येत नाही."

वहिनींचे यजमान पंधरा वर्षे दुसऱ्याची टॅक्सी चालवीत होते. गेल्या वर्षी त्यांनी स्वतःची गाडी घेतली, विजेवर चालणारी. पहिला भरणा कसा जमवला ते आम्हाला ठाऊक आहे. थोडे गटाचे कर्ज, थोडे गावाकडच्या भावाने दिलेले, थोडे दागिने मोडून. गाडी दारात आली त्या दिवशी सगळ्या आळीने पेढे खाल्ले. पण वर्षही झाले नाही, तीस हजार किलोमीटरही पुरते झाले नाहीत, तोच पुढचे दोन्ही टायर गोटा झाले. इकडे गाडीचा हप्ता, तिकडे मुलीच्या कॉलेजची फी. अशा वेळी कोणीतरी सांगितले, जुन्या बाजारात चौदाशे रुपयांना टायर मिळतो, चारही बदलून टाक.

वाचक भगिनी-बंधूंनो, हा प्रश्न एका घरचा नाही. आज आपल्या वस्त्यांमधून विजेच्या गाड्या दिसू लागल्या आहेत. कोणी टॅक्सीसाठी घेतली, कोणी नोकरीवर जाण्यासाठी. घेताना सगळ्यांनी एकच हिशेब केला, की पेट्रोलचा खर्च वाचेल. तो वाचतो, यात शंका नाही. पण टायरचा खर्च कोणी धरला होता काय? बहुतेकांनी नाही. म्हणून या खेपेला आम्ही याच विषयावर लिहीत आहोत.

आधी हे समजून घेऊ, की ही गाडी टायर इतके का खाते.

पहिले कारण वजन. गाडीच्या पोटाखाली मोठी बॅटरी असते. त्यामुळे त्याच मापाच्या पेट्रोल गाडीपेक्षा ही गाडी साधारण दीडशे-दोनशे किलोने जड भरते. म्हणजे तीन माणसे गाडीत कायमची बसलेली आहेत असे समजा.

दुसरे कारण जोर. पेट्रोलचे इंजिन हळूहळू जोर धरते. विजेची मोटर पाय दाबताक्षणी सगळा जोर चाकावर टाकते. सिग्नल सुटला की गाडी झटकन निघते, चालकाला मौज वाटते, पण त्या झटक्यात रबर रस्त्यावर घासले जाते.

तिसरे कारण फार थोड्यांच्या ध्यानात येते. पाय उचलला की हीच मोटर उलटे काम करून वीज बॅटरीत परत भरते आणि गाडीचा वेग उतरतो. म्हणजे ज्या चाकांना मोटर जोडली आहे त्यांच्यावर पळतानाही ताण आणि थांबतानाही ताण. टाटांच्या टियागो, टिगोर, नेक्सॉन या विजेच्या गाड्यांत मोटर पुढच्या चाकांना आहे, म्हणून पुढचे टायर आधी जातात. एम.जी.च्या छोट्या कॉमेटमध्ये मोटर मागच्या चाकांना आहे, तिथे मागच्या टायरवर लक्ष ठेवावे लागते.

ही झाली गाडीच्या बांधणीची कारणे. ती आपल्या हातात नाहीत. पण आपल्या हातातलीही कारणे असतात, आणि शेजाऱ्यांच्या बाबतीत तीच मोठी निघाली. ते पुढे सांगतो.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे बाजारात गेलो. वहिनीही आल्या. जुन्या टायरच्या दुकानात माल मोठा देखणा मांडला होता. काळे पॉलिश मारलेले, नव्यासारखे चमकणारे टायर. दुकानदार म्हणाला, "शेठ, डोळे झाकून घ्या. नव्वद टक्के माल आहे."

आम्ही डोळे झाकले नाहीत. प्रत्येक टायरच्या बाजूच्या भिंतीवर एका लंबगोलात चार आकडे असतात. पहिले दोन आकडे आठवड्याचे, शेवटचे दोन सालाचे. ३५२३ असेल तर तो टायर २०२३ सालच्या पस्तिसाव्या आठवड्यात बनला. आमच्या पुढच्या टायरवर १७१६ होते, म्हणजे २०१६ सालच्या एप्रिलअखेरचा माल. रबर वापरले नाही तरी म्हातारे होते. ऊन, हवा आणि उष्णता लागून ते कडक बनते आणि त्याला आतून चिरा जातात. म्हणून टायर पाच वर्षांचा झाला की दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्यावा आणि दहा वर्षांनंतर, नक्षी कितीही शिल्लक असली तरी, तो वापरू नये, असे टायर बनवणारे स्वतःच सांगतात.

मग टायर उलटा करून आतून हात फिरवला. बाजूच्या भिंतीला आतून ठिगळ लावलेले होते. टायरचा जो भाग रस्त्याला टेकतो तिथले लहान भोक नीट दुरुस्त होते. पण भिंत सतत वाकत असते, तिथले ठिगळ टिकत नाही. भरधाव गाडीत तो टायर फुटला तर काय होईल, हे वहिनींना सांगावे लागले नाही. त्यांनी यजमानांकडे पाहिले आणि त्या दुकानाबाहेर जाऊन उभ्या राहिल्या.

आणखी एक फसवणूक अशा मालात होते. गुळगुळीत टायरवर तापलेल्या हत्याराने नव्या खाचा पाडतात. वरून नक्षी खोल दिसते, पण खाचेखाली रबर उरलेले नसते. मोटारगाडीचा असा टायर कोणी फुकट दिला तरी घेऊ नये.

समृद्धी महामार्गावर टायर फुटून झालेल्या अपघातांच्या बातम्या आपण सर्वांनी वाचल्या आहेत. २०२३ मध्ये परिवहन खात्याने तिथे गाड्यांचे टायर तपासून गुळगुळीत टायरच्या गाड्या परत पाठवायला सुरुवात केली, ती उगीच नव्हे. कडक ऊन, सिमेंटचा रस्ता, लांबचा पल्ला, भरलेली गाडी आणि कमी हवा, इतके सगळे एकत्र आले की चांगला टायरही तापतो. म्हाताऱ्या टायरचे काय सांगावे?

तेथून आम्ही नव्या टायरच्या दुकानात गेलो. इथे दुसरा पेच. दुकानदाराने आधी सगळ्यात महागडा टायर पुढे केला. "विजेच्या गाडीला खास विजेच्या गाडीचाच टायर लागतो, साहेब," तो म्हणाला.

हे खरे आहे काय? अर्धे खरे आहे. अपोलोचा अँपेरियन, सीएटचा एनर्जीड्राइव्ह असे खास या गाड्यांसाठी काढलेले टायर बाजारात आहेत. ते सहज गडगडतील, आवाज कमी करतील आणि जास्त वजन पेलतील अशा बेताने बनवलेले असतात. परवडत असतील तर जरूर घ्यावेत. पण टायरच्या अंगावर ई.व्ही. अशी अक्षरे नसली म्हणून तो चालत नाही, असे नाही. अक्षरांपेक्षा आकडे महत्त्वाचे.

ते आकडे कोठे पाहायचे? ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर एक चिकटवलेला कागद असतो, त्यावर आणि गाडीच्या पुस्तकात. जुन्या टायरच्या भिंतीवरही असतात. उदाहरणार्थ १७५/६५ आर १४ ८२ टी. याचा अर्थ असा:

१७५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये.

६५ म्हणजे भिंतीची उंची, रुंदीच्या ६५ टक्के.

आर म्हणजे रेडियल बांधणी आणि १४ म्हणजे आतल्या चाकाचा व्यास, इंचात.

८२ हा भाराचा आकडा. हा किलोचा आकडा नव्हे, तो कोष्टकातला आकडा आहे. ८२ म्हणजे एक टायर ४७५ किलो पेलतो. ८६ म्हणजे ५३० किलो, ९१ म्हणजे ६१५ किलो, ९५ म्हणजे ६९० किलो.

शेवटचे इंग्रजी अक्षर वेगाचे. टी म्हणजे ताशी १९० किलोमीटरपर्यंत, एच म्हणजे २१०, व्ही म्हणजे २४०.

टियागो आणि टिगोर या विजेच्या गाड्यांना १७५/६५ आर १४ हे माप येते, नेक्सॉनला २१५/६० आर १६, कॉमेटला १४५/७० आर १२. तरीही प्रत्येकाने आपल्या गाडीचा कागद पाहूनच बोलावे, कारण एकाच गाडीच्या निरनिराळ्या प्रकारांत माप निराळे असू शकते.

आता मुख्य नियम. माप तेच हवे. भाराचा आकडा गाडीच्या कागदावर आहे तितका किंवा त्याहून जास्त चालेल, कमी मुळीच चालणार नाही. वेगाचे अक्षरही खालचे नको. पैसे वाचवण्याच्या नादात लोक नेमका भाराचा आकडा विसरतात. माप जुळले की टायर जुळला असे त्यांना वाटते. पण ही गाडी जड आहे, हे आपण वर पाहिलेच. काही टायरांवर इंग्रजीत एक्स.एल. लिहिलेले असते. तो जास्त भाराचा टायर, मात्र त्यात हवा किती भरायची ते दुकानदाराला विचारून लिहून घ्यावे.

या तीन गोष्टी जुळल्या आणि आय.एस.आय.ची खूण असली, की तो टायर तुमच्या गाडीला योग्य. आपल्या देशात मोटारीच्या टायरवर ही खूण सक्तीची आहे. मग तो साध्या नावाचा, मधल्या किमतीचा असला तरी हरकत नाही.

मधल्या किमतीत पुन्हा निवड कशी करायची? इथे वहिनींनी वही उघडली. त्यांच्या हिशेबाने आम्हालाही शहाणे केले, म्हणून तो जसाच्या तसा देतो.

जुना टायर १,४०० रुपयांचा. समजा, आठ हजार किलोमीटर गेला. एका टायरचा खर्च किलोमीटरला साडेसतरा पैसे. चार टायरचे ७० पैसे.

नवा, सर्वांत स्वस्त टायर ३,६०० रुपयांचा. समजा, पंचवीस हजार गेला. चार टायरचे किलोमीटरला साधारण ५८ पैसे.

नवा, मधल्या किमतीचा टायर ४,६०० रुपयांचा. समजा, चाळीस हजार गेला. चार टायरचे ४६ पैसे.

म्हणजे जो टायर बाजारात सर्वांत स्वस्त होता, तोच रस्त्यावर सर्वांत महाग निघाला! किमती गावोगाव वेगळ्या असतील आणि कोणता टायर किती जाईल ते रस्त्यावर व चालकाच्या पायावर आहे. पण हिशेब करण्याची रीत हीच. टायरची किंमत भागिले किलोमीटर.

यात आणखी एक रक्कम मिळवायची राहिली, ती विजेची. टायर रस्त्यावर गडगडताना दबतो, पुन्हा फुगतो, आणि त्यात काही ताकद वाया जाते. कोणत्या टायरात कमी जाते, कोणत्यात जास्त. विजेच्या गाडीत हा फरक लगेच कळतो, कारण एका चार्जमध्ये गाडी किती पळते ते काचेवर आकड्यातच दिसते. समजा, स्वस्त टायर पाच टक्के जास्त वीज खातो. शेजारी बाहेरच्या चार्जरवर युनिटला १६ रुपये देतात आणि एका युनिटमध्ये गाडी ८ किलोमीटर जाते. किलोमीटरला दोन रुपये झाले. त्याचे पाच टक्के म्हणजे दहा पैसे. आता स्वस्त टायरचे ५८ नव्हे, ६८ पैसे झाले. मधल्या टायरशी फरक २२ पैशांचा. शेजाऱ्यांची गाडी महिन्याला चार हजार किलोमीटर धावते. म्हणजे महिन्याला साडेआठशेच्या वर आणि वर्षाला दहा हजारांच्या वर रुपये, निव्वळ टायर निवडण्यातून.

पण थांबा. हाच हिशेब सर्वांना लागू नाही. ज्यांची गाडी फक्त घरच्या वापराची, महिन्याला पाचशे किलोमीटर चालणारी, ते वर्षाला सहा हजारच किलोमीटर जातात. पंचवीस हजारांचा टायर त्यांना चार वर्षे पुरतो. चाळीस हजारांचा टायर संपायला सहा-सात वर्षे लागतील, आणि तोवर रबर म्हातारे झालेले असेल. घरी चार्ज केल्यावर पाच टक्के विजेचा फरकही महिन्याला वीस-पंचवीस रुपयांच्या पलीकडे जात नाही. त्यांनी भार आणि वेगाचे आकडे जुळणारा, आय.एस.आय.चा, ताज्या तारखेचा साधा नवा टायर घेतला तर त्यांचे काही चुकले नाही. गाडी जितकी धावते त्या मानाने टायर घ्यावा.

कोणता टायर सहज गडगडतो हे ओळखायचे कसे? फ्रिज-पंख्यांवर जशा ऊर्जा बचतीच्या चांदण्या असतात, तशी केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोची योजना टायरसाठीही आहे. सगळ्याच टायरांवर ती खूण मिळत नाही, पण असेल तर पाहावी. मात्र एक सावधगिरी ठेवावी. वीज वाचते म्हणून ओल्या रस्त्यावर घसरणारा टायर घेऊ नये. दुकानदाराला आणि तोच टायर वापरणाऱ्या चालकांना विचारावे, पावसात ब्रेक कसा लागतो? आपल्याकडे चार महिने रस्ता ओला असतो. दोन-चार किलोमीटरची रेंज कमी मिळाली तर चार्जर पुढे भेटतो.

आणि नवे टायर घातल्यावर रेंज थोडी उतरली तर लगेच दुकानदाराशी भांडायला जाऊ नये. नव्या टायरची नक्षी जाड असते, ती जास्त दबते. झिजलेला टायर हलका चालतो. काही आठवडे चालवून मगच मत बनवावे.

आता शेजाऱ्यांनी काय केले ते सांगतो. चार मधले टायर घ्यायचे तर अठरा हजार चारशे रुपये लागत होते. ते नव्हते. मुलीची फी त्याच आठवड्यात भरायची होती. वहिनींनी विचारले, "चारही बदललेच पाहिजेत का?"

योग्य प्रश्न! मागचे दोन टायर तपासले. टायरच्या खाचांमध्ये आडव्या लहान उंचवट्याच्या खुणा असतात. त्यांची जागा दाखवायला टायरच्या कडेला टी.डब्ल्यू.आय. अशी इंग्रजी अक्षरे किंवा बाण असतो. नक्षी झिजून या उंचवट्याला टेकली की खोली १.६ मिलिमीटर राहिली. त्याखाली टायर वापरणे कायद्यालाही मान्य नाही. नव्या टायरची खोली सात-आठ मिलिमीटर असते. पावसात तर तीनवर आली की बदलावा हे बरे, कारण खाचा उथळ झाल्या की पाणी बाहेर फेकले जात नाही आणि गाडी पाण्यावर तरंगू लागते. शेजाऱ्यांच्या मागच्या टायरांत चार मिलिमीटर शिल्लक होते. म्हणजे दोनच टायर नवे घेतले तरी चालणार होते.

मग ते नवे दोन बसवायचे कोठे? शेजारी म्हणाले, "पुढचे गेलेत, तर नवे पुढेच." बहुतेक चालक हेच सांगतील. पण टायरच्या जाणकारांचा सल्ला उलटा आहे. नवे मागे बसवावेत आणि मागचे पुढे आणावेत. पुढचे चाक घसरले तर गाडी सरळ जाऊ पाहते, चालकाला ते कळते आणि वेग उतरवून गाडी ताब्यात येते. मागचे चाक ओल्यात घसरले तर गाडी गर्रकन फिरते, मग काही हातात राहत नाही. म्हणून चांगली नक्षी मागे. आणि एका आसावरचे दोन्ही टायर एकाच बनावटीचे, एकाच मापाचे.

अशा रीतीने नऊ हजार दोनशे रुपयांत दोन टायर आले. त्यांची तारीख अवघ्या तीन महिन्यांपूर्वीची होती, तीही वहिनींनीच वाचली. पुढची जोडी तीन-चार महिन्यांनी घ्यायची ठरली आणि त्यासाठी त्याच दिवसापासून रोजच्या धंद्यातून शंभर रुपये वेगळे ठेवायचे ठरले.

पक्के बिल घेतले. बिलावर टायरचे नंबर लिहून घेतले. बिल नसेल तर माल सदोष निघाल्यावर कंपनी दारात उभे करीत नाही. आणि हेही ध्यानात ठेवा, की २२ सप्टेंबर २०२५ पासून मोटारीच्या नव्या टायरवरचा जी.एस.टी. २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आहे. बिलावर कर किती लावला ते पाहावे.

टायर बसवताना आम्ही एका गोष्टीवर आग्रह धरला. या गाडीच्या पोटाखाली बॅटरी आहे. जॅक वाटेल तिथे लावला तर बॅटरीचा तळ चेपू शकतो, आणि मग टायरच्या पैशांचे काय घेऊन बसलात! गाडी उचलायच्या जागा पुस्तकात दाखवलेल्या असतात, तिथेच जॅक लावावा. रस्त्यावर पंक्चर झाले तरी पंक्चरवाल्या भाऊला ही जागा आपण स्वतः दाखवावी. शिवाय २०२० सालच्या नियमानुसार काही अटींवर गाडीत स्टेपनी न देण्याची कंपन्यांना मुभा आहे. आपल्या गाडीत स्टेपनी आहे, की नुसती हवा भरण्याची पेटी आहे, हे रात्री अडकण्याआधी डिकी उघडून पाहावे.

आता शेजाऱ्यांचे टायर इतक्या लवकर का गेले, ते सांगतो. अलाइनमेंटच्या यंत्रावर गाडी चढवली तेव्हा दिसले, की पुढची चाके सरळ नाहीत. कधीतरी खड्ड्यात आदळली असतील. काढलेले टायर पाहिले तर बाहेरून बरे, पण आतली कड पार सोललेली. उभ्याने पाहणाऱ्याला ती दिसत नाही, वाकून हात लावावा लागतो. आणि हवा? असायला हवी त्यापेक्षा सात-आठ पौंडांनी कमी!

शेजारी कपाळाला हात लावून म्हणाले, "गॅसची टॅक्सी होती तेव्हा पंपावर रोज जायचो, तिथंच हवा बघायचो. आता पंपावर जाणंच सुटलं."

भगिनी-बंधूंनो, विजेची गाडी घेणाऱ्या प्रत्येकाने हे वाक्य लिहून ठेवावे. पेट्रोल सुटले, त्याबरोबर हवा तपासण्याची सवयही सुटली. पेट्रोल पंपावर हवा मोफत मिळते, ती सोय सर्व वाहनांना आहे. पेट्रोल भरायचे नसले तरी आठवड्यातून एकदा तिथे जावे. लाजायचे काय त्यात? हवा सकाळी, गाडी फार पळवण्याआधी तपासावी, कारण तापलेल्या टायरात आकडा वाढलेला दिसतो. किती भरायची ते दारावरच्या कागदावर असते. कमी हवेने टायरच्या दोन्ही कडा झिजतात, जास्त हवेने मधला पट्टा झिजतो, आणि कमी हवेने वीजही जास्त जाते.

बाकी काळजीही खर्चाची नाही. दर आठ-दहा हजार किलोमीटरला पुढचे टायर मागे आणि मागचे पुढे करावेत, म्हणजे चारही सारखे झिजतात. त्याच वेळी अलाइनमेंट पाहून घ्यावे. सिग्नल सुटल्यावर उडी मारू नये, पाय हळू दाबावा. पंक्चर काढताना टायर उतरवून आतून पॅच लावून घ्यावा. बाहेरून खुपसलेली रबरी वात घरी पोहोचण्यापुरती समजावी. खास विजेच्या गाडीच्या काही टायरांत आवाज कमी करण्यासाठी आतून स्पंज चिकटवलेला असतो. तो असेल तर पंक्चरवाल्याला आधी सांगावे.

मुलीची फी वेळेवर भरली गेली. गाडी पावसात उभी राहिली नाही. परवा वहिनी भेटल्या तेव्हा हसत म्हणाल्या, "भाऊ, आता हे गाडी काढायच्या आधी वाकून टायरला हात लावतात. आणि मी वहीत किलोमीटर लिहिते."

आम्हाला या साऱ्यात मोलाची वाटली ती वहिनींची पहिली शंका. "मला कळत नाही, म्हणून बोलता येत नाही," असे म्हणून त्या गप्प बसल्या असत्या तर ठिगळाचे चार टायर घेऊन ते घर पावसाळ्यात रस्त्यावर उतरले असते. गाडी बाबांची, टायर बाबांचे, म्हणून घरातल्या बायका-मुलींनी दूर राहायचे कारण नाही. त्या गाडीत सगळेच बसतात, हप्ता सगळ्यांच्याच घासातून जातो. टायरवरचे आकडे वाचायला मोटारीचे शिक्षण लागत नाही. सहावी-सातवीतला मुलगा किंवा मुलगी ते वाचील.

तेव्हा या रविवारी एवढे करा. दाराच्या चौकटीवरचा कागद वाचा. चारही टायरांच्या तारखा वहीत लिहा. खाचांमध्ये बोट घाला, आतल्या कडेवर हात फिरवा. हवा पाहून या. दुकानदार सांगतो म्हणून नव्हे, आणि आम्ही लिहितो म्हणूनही नव्हे. स्वतः पाहून, स्वतः हिशेब करून जे पटेल तेच घ्या.